पाच मार्चच्या दोन गाई

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला आधी आरोपीसारखं उभं केलं जाई. प्रेशर कुकर आला तेव्हा आईने तो चार महिने फडताळात ठेवला. मधूनच बाहेर काढायची, झाकण उघडून आत बघायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. आत काय चाललंय ते दिसत नाही, हा तिचा आक्षेप होता. नाना, म्हणजे माझे वडील, तिच्याहून एक पायरी वर. ते बेल्ह्याच्या बाजारात बैल बघायला जायचे तेव्हा लहानपणी मलाही टेम्पोत बसवून न्यायचे. विकणारा बैलाचा जबडा फाकवून दात दाखवायला लागला की नाना दाताकडे बघायचेच नाहीत, खाली वाकून खूर बघायचे. "त्यो दात दावतोय म्हंजी खोट दातात न्हाई, दुसरीकडं हाय," असं मला हळूच सांगायचे. मग बैलाला खडीवरून चालवायचे, पाणी पाजायचे, बसवायचे आणि तो उठताना कुठला पाय आधी टाकतो ते बघायचे. शांत उभा राहणारा बैल त्यांना सगळ्यात जास्त खुपायचा. का उभा आहे, कुणी काय चारलंय, असं म्हणत त्याच्याभोवती तीन-तीन फेऱ्या मारायचे आणि बहुतेक वेळा बैल न घेताच आम्ही घरी यायचो.

आईचा संशय गोठ्यात दिसायचा. आमच्या तीन गाई होत्या, आणि गोठ्याच्या आतल्या भिंतीवर प्रत्येक गाईची एकेक ओळ होती. गाय भरवली, म्हणजे तिला कृत्रिम रेतनाची कांडी दिली, की त्या दिवशी आई गेरूत बोट बुडवून एक आडवी रेघ मारायची. शेजारी सणावरून काहीतरी खूण करायची. शिमग्याला होळी, पोळ्याला बैलाची शिंगं. त्यानंतर प्रत्येक अवसेला एक ठिपका. सातवा ठिपका पडला की दूध कमी करत गाय आटवायला घ्यायची, म्हणजे पोटातल्या वासराच्या अंगाला लागतं. नववा ठिपका पडला की गोठ्यात पेंढा वाढायचा आणि आईची झोप कमी व्हायची. आई चौथी शिकलेली होती, तिला तारखा लिहिता येत होत्या. पण कॅलेंडर छापणाऱ्याला आपली गाय कुठं माहीत आहे, असं ती म्हणायची.

अशा घरातून मी कॉम्प्युटर शिकायला जुन्नरला गेले, मावशीकडे राहून. क्लास बाजारपेठेत एका माडीवर होता आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी चालू झाली की वरची फरशी थरथरायची, पडद्यावरची अक्षरं थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत की-बोर्डवर बाजरीच्या पिठाचा थर बसायचा. सर दर तासाला पिवळ्या फडक्याने तो झटकायचे. सकाळी खिडकी उघडली की लेण्याद्रीचा डोंगर दिसायचा, आणि आमच्यातल्या दोघी-तिघी परीक्षेच्या दिवशी तिकडे तोंड करून हात जोडायच्या. मावशी डब्यात मासवडी द्यायची ती मी सरांनाही द्यायची. सर मितभाषी होते, पण मासवडी खाताना बोलायचे.

सर फॉक्सप्रो या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेचे. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आपण एक ओळ लिहायची आणि यंत्राने तेवढीच ऐकायची. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर ते आमच्याकडून 'सेट डेट ब्रिटिश' ही ओळ लिहून घ्यायचे, पत्राच्या वर श्री लिहितात तशी. तारीख आधी, महिना नंतर, असं यंत्राला बजावणारी ती ओळ होती. विसरली तर सर पूर्ण प्रोग्रॅम पुसायला लावायचे. मला तो म्हाताऱ्या माणसाचा सोवळेपणा वाटायचा. त्याच वर्षी पुण्याहून कुणीतरी व्हिज्युअल बेसिक आणलं. रंगीत खिडकी, बाजूला बटणांची पेटी. बटण उचलायचं, खिडकीत नेऊन ठेवायचं, वर नाव टाकायचं की खराखुरा विंडोजचा प्रोग्रॅम तयार. मी त्याआधी सी भाषेतून विंडोजचं प्रोग्रॅमिंग शिकवणारं जाड पुस्तक बघितलं होतं. त्यात एक रिकामी खिडकी उघडायला दोन पानं भरून ओळी लिहायला लागायच्या, आणि मी तिसऱ्या पानावर पुस्तक मिटलं होतं. इथे तेच काम चहा निवायच्या आत होत होतं. सरांनी माझ्या खांद्यावरून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "तू न सांगता हे फार करतंय. काय काय करतंय, याची यादी कुणाकडे आहे?"

हल्ली भाचरं मला विचारतात, आत्या, साध्या कामाला कुठलं टूल घेऊ. मी त्यांना विचारते की ते तुमचं न विचारता काय काय समजून घेतं ते आधी सांगा. त्यांना हे विक्षिप्त वाटतं. पण वयाच्या एकविसाव्या वर्षी हा प्रश्न मला सरांनी विचारला होता, त्याआधी नानांनी बैलबाजारात दहा वेळा दाखवला होता, आणि मी मात्र दात बघून बैल घेतला. व्हिज्युअल बेसिक वाईट होतं असं मी आजही म्हणणार नाही. मी त्याला खडीवरून चालवलं नव्हतं.

क्लास संपवून मी घरी आले, महाळुंगे पडवळच्या अलीकडच्या आमच्या वाडीत. वाडीतल्या दूध संस्थेने नुकताच कॉम्प्युटर घेतला होता आणि तो चालवणारं कुणी नव्हतं. चेअरमन अण्णांनी मला बोलावून काम सांगितलं. संस्थेकडून गाई भरवायला सोपानभाऊ जायचे, त्यांची वही कॉम्प्युटरमध्ये घालायची आणि प्रत्येक शेतकऱ्याला गाय कधी आटवायची, कधी विणार याचं छापील कार्ड द्यायचं. काम पसंत पडलं तर मला संस्थेत कायम ठेवणार होते. सोपानभाऊ पलीकडच्या धनगरवाड्यावरचे. त्यांचे वडील मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, आणि हे मात्र शिकून गाईंचे डॉक्टर झाले. लोक त्यांना डॉक्टरच म्हणत. मोटारसायकलला मागे कांड्या गोठवून ठेवायचं नायट्रोजनचं भांडं बांधलेलं असे, झाकण उघडलं की थंड वाफ खाली सांडायची. गाईला हात लावायच्या आधी ते तिच्याशी दोन मिनिटं बोलायचे, मग वहीत टाकाने काढल्यासारख्या स्वच्छ अक्षरात लिहायचे.

भादव्यात मी प्रोग्रॅम केला. भरवल्याची तारीख टाकली की पुढच्या दोन तारखा आपोआप निघायच्या. आधी माझ्या वाढदिवसाची तारीख टाकून बघितली, तेवीस. बरोबर उत्तर आलं. नानांच्या सांगण्यावरून पोळ्याची टाकली, तीही महिन्याच्या शेवटाकडची, बरोबर आली. मग सोपानभाऊंची वही समोर ठेवून शिमग्यापासूनच्या सगळ्या गाई भरल्या. त्याआधीच्या बऱ्याचशा विण्याला आल्याच होत्या, म्हणून अण्णा म्हणाले जुन्या राहू देत. 'सेट डेट ब्रिटिश'ची इथे गरजच नव्हती. यंत्राला तारीख आपली आपण कळत होती, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं.

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झाली. झेंडूची माळ पडद्याला घातली, की-बोर्डवर आपट्याची पानं ठेवली. आणि मग अण्णांनी ठरवलं की जुन्या वह्यांचं आता विसर्जन करायचं. लिहिलेला कागद आमच्याकडे जाळत नाहीत आणि उकिरड्यावरही टाकत नाहीत, सरस्वती पायदळी येते. निर्माल्याबरोबर घोड नदीला सोडायचा, हीच रीत. सोपानभाऊ टोपलीजवळ आले आणि म्हणाले, "अण्णा, ही यंदाची वही माझ्याकडं ऱ्हाऊ द्या की." अण्णा म्हणाले, "आता काय करतो तिचं? एका म्हशीला दोन दावणी कशाला?" सगळे हसले. सोपानभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "भाऊ, सगळं आत हाय. एक अक्षर सुटलं नाही." मग त्यांनी वही टोपलीत ठेवली. तिच्यावरचं खाकी वेष्टन त्यांनी स्वतः घातलं होतं, ते मला अजून दिसतं.

दसऱ्यानंतर कार्डं वाटली. आमच्या कपिलीच्या कार्डावर लिहिलं होतं, आटवणे डिसेंबर, विणे फेब्रुवारी. आईने तर सातव्या ठिपक्यालाच तिचं दूध कमी करायला घेतलं होतं. मी तिच्यावर उखडले. गावातल्या सगळ्या कार्डांवर लोक चालणार आणि जिने ती छापली तिच्याच घरात भिंत बघून गाय आटवणार, माझी अब्रू काय राहिली? आई शेण भरत होती. ती म्हणाली, "तुझ्या कार्डाला कपिलीचं पोट दिसतंय का? मला दिसतंय." मी दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

आमच्या बांधाला लागून बाळासाहेबाचं घर. तो चाकणला कंपनीत कामाला, घरी त्याची बायको आणि म्हातारे वडील. कार्डावर चालणारा तोच पहिला. म्हाताऱ्याने आटवायचं काढलं तेव्हा बाळासाहेबाने त्याला कार्ड दाखवून गप्प बसवलं, आणि गाय शेवटच्या आठवड्यापर्यंत पिळली. ती कार्डाच्या दोन महिने आधीच, मार्गशीर्षातल्या एका सकाळी विली. कालवड पूर्ण दिवसांची होती पण हाडांचा सापळा. दुपारपर्यंत उभी राहिली नाही, संध्याकाळी गेली. बाळासाहेब दुसऱ्या दिवशी रजा टाकून संस्थेत आला. कार्डावरून मागे मोजलं तर गाय मे महिन्यात भरवलेली निघत होती, आणि सात महिन्यांत पूर्ण वासरू होत नसतं. म्हणजे, तो म्हणाला, डॉक्टरने ज्या दिवशी कांडी दिली म्हणून लिहिलं त्याच्या आधीच गाय वळूकडून गाभण होती, किंवा डॉक्टर आलाच नव्हता आणि घरी बसून तारीख लिहिली. सोपानभाऊ म्हणाले, "शिमगा झाल्यावर आलतो मी. वहीत लिवलंय." आणि मग ते थांबले, कारण वही नव्हती.

अण्णांनी मला विचारलं. मी सरळ उभी राहून म्हणाले, "वहीत होतं तेच मी टाकलंय." यात खोटं एक अक्षर नव्हतं, म्हणून ते मला फार ठणठणीत म्हणता आलं. आणि मनात मला काय वाटलं तेही सांगते, आता लपवायचं वय राहिलं नाही. मला वाटलं, याने खोटं लिहिलं असणार. वही मागायला दसऱ्याला कसा पुढे आला होता ते आठवलं, आणि मला त्यातही काळंबेरं दिसलं. ज्या माणसाला मी रोज भाऊ म्हणत होते त्याच्यावर संशय घ्यायला मला एक क्षण पुरला. अण्णांनी त्यांना सांगितलं की कमिटीचं ठरेपर्यंत कुणाच्या गोठ्यात जायचं नाही. मोटारसायकल दारातून ढकलत नेली त्यांनी, चालू केली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी कपिली विली. मी अंगणात दात घासत होते. आईची हाक आली, आणि गोठ्यात गेले तर पांढऱ्या कपाळाची कालवड धडपडत उभी राहत होती, अंगाने भरलेली. नाना तिच्या तोंडातला चिकटा काढत म्हणाले, "आपली आन् बाळ्याची एकाच दिशी भरीवल्यात सोपाननं. मीच दोन्हीकडं धरली व्हती." मी भिंतीकडे बघितलं. होळीची खूण, आडवी रेघ आणि पुढे नऊ ठिपके. आईने सगळे बोटाने लावलेले, कुठलाच सारखा नाही. सकाळचे आठ वाजले होते. मी केस न विंचरता संस्थेत गेले.

कपिलीची नोंद उघडली. मी टाकलेली तारीख होती पाच-तीन. पाच मार्च. प्रोग्रॅमला मी महिना अक्षरात दाखवायला लावला, आणि पडद्यावर आलं: तीन मे. दुसरी नोंद उघडली, सतरा-तीन. तिथे आलं सतरा मार्च. यंत्राची मुळातली रीत अमेरिकेची, महिना आधी. सतरावा महिना नसतो, म्हणून तिथे ते आपणहून शहाणं होऊन तारीख उलटी करून घ्यायचं आणि मला एका शब्दाने सांगायचं नाही. बारापर्यंतच्या तारखा मात्र गुपचूप फिरवून टाकायचं. माझा वाढदिवस तेवीसचा आणि पोळा महिनाअखेरचा, म्हणून मला सगळं बरोबर दिसलं. सरांची ती एक ओळ मी सोवळं समजून टाकून दिली होती. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. चुकलेली कार्डं मोजली, पंचेचाळीस निघाली. ती नवी छापली आणि 'सुधारित' असा शब्द टाकून वाटायला ठेवली. का सुधारली ते कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. कायम व्हायचा कागद कमिटीपुढे होता. आपण बोललो नाही तर कुणाला कधीच कळणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्या दिसण्याने मला बरंही वाटत होतं. चार दिवस मी असेच काढले. आईने चिकाचा खरवस केला, वेलदोडा घालून. मी वाटी तशीच ठेवली, तेव्हा ती म्हणाली पित्त झालं असेल.

चौथ्या दिवशी दुपारी सोपानभाऊ आमच्याकडे आले, रस्त्याने नाही, उसाच्या बांधाने. कपिली चरायची थांबली होती आणि नानांनी निरोप धाडला होता. त्यांनी तिला तपासलं, औषध पाजलं, मग रांजणाजवळ हात धुवायला बसले. हात कोपरापर्यंत धुतले तरी पुन्हा साबण लावत होते. आई म्हणाली, "डॉक्टर, लोकं काय बी बोलत्यात." ते म्हणाले, "काकू, लोकांचं जाऊ द्या. माझंच डोकं ठिकाणावर न्हाई बघा. बाळासाहेबाची चुकली ती चुकली, तुमची बी कार्डापरमानं चुकली. दोन गाया. म्हंजी मीच येड्यावानी काय तरी लिवलं असंल. मला शिमगा आठवतोय, पर आता त्यो बी खरा वाटंना." आई त्यांना हाताला धरून गोठ्यात घेऊन गेली आणि भिंत दाखवली. ते बराच वेळ ठिपके मोजत राहिले. दोनदा मोजले. त्यांचे ओठ हलत होते.

मी दारात उभी होते. मी म्हणाले, "भाऊ, तुमचं चुकलं नाही. माझ्या प्रोग्रॅमनं पाच मार्चचा तीन मे केला. मला चार दिवस ठाऊक आहे." सगळं सांगितलं, न रडता, भराभर, जुन्नरचे सर आणि ती ओळसुद्धा. नाना खाली बघत होते. सोपानभाऊ चिडले नाहीत. त्यांनी गेरूच्या रेघेवर बोट ठेवलं होतं ते तसंच होतं. ते म्हणाले, "चार दिसाचं ऱ्हाऊ दे ताई. भ्यायली असशील. त्या पयल्या दिशी, अण्णांनी तुला इचारलं तवा, तुला काय वाटलं व्हतं? मीच खोटं लिवलं आसं?" मी हो म्हणून मान हलवली. खोटं बोलायला जागाच नव्हती. ते "बरं" एवढंच म्हणाले आणि चपला घालून आले तसे बांधाने गेले.

त्याच संध्याकाळी मी अण्णांकडे जाऊन सगळं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी संस्थेत बाळासाहेबासमोर पुन्हा सांगितलं. त्याचे म्हातारे वडील बरोबर आले होते, त्याने खिशातलं कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. सोपानभाऊंना अण्णांनी परत बोलावलं. मला कायम केलं नाही, आणि ते योग्यच होतं. पुढे मंचरला आणि नंतर पुण्यात मी असेच लहानसहान प्रोग्रॅम करत आयुष्य काढलं, निरनिराळ्या टूलांतून. कुठल्याही कामात पहिली चौकट मी महिना अक्षरात दाखवणारी करते. बरोबरची पोरं हसतात. आणि काही बिघडलं की कुणाचंही नाव घेण्याआधी मी माझी ओळ उघडून बघते. हा शहाणपणा नाही, भीती आहे.

पुढच्या शिमग्यानंतर सोपानभाऊ कपिलीला भरवायला आले. मी माळ्यावरून पेंढा काढत होते. त्यांनी भांडं उतरवलं, पण झाकण उघडलं नाही. खिशातून नवी वही काढली, तारीख लिहिली, शेजारी अक्षरात महिना लिहिला. मग आईला म्हणाले, "काकू, आदी तुमी भितीवर लिवा. मी बघतो. मंग हात लावतो." आईने गेरू कालवला, रेघ मारली, होळी काढली. त्यांनी वही आणि भिंत ताडून बघितली. पुढे वाडीत ज्या घरी जात तिथे ते असंच करत, आणि दोन वर्षांत एकही गोठा बिनरेघेचा राहिला नाही. त्या दिवशी जाताना त्यांनी नानांना राम राम केला, आईला केला. मी पेंढ्याची पेंडी हातात धरून समोर उभी होते. ते मला "येतो ताई" म्हणाले, नेहमीसारखंच, आणि वही शर्टाच्या आतल्या खिशात घालून वरून बटण लावलं.